लोकरीच्या जनावरांवरचा परजीवी: गोचीड, लूत की नवा शब्द?

विचारणा
काल्पनिक जगातली दीर्घकथा लिहितो आहे. थंड पठार, गुडघ्यापर्यंत लोकर लोंबणारी मोठी जनावरं आणि त्यांच्यामागे हिंडणारे पशुपालक. या जनावरांच्या कातडीवर एक परजीवी वाढतो, लोकर झडते, कळपच्या कळप खंगतो. पात्रांच्या तोंडी त्याला काय म्हणावं? 'गोचीड' म्हटलं की गाय डोळ्यांपुढे येते. 'लोकरकीड' हा शब्द मनात आहे. चालेल का?

प्रतिसाद
'लोकरकीड' नको. लोकरीची कीड म्हटलं की आपल्याला कसर आठवते, घडी करून ठेवलेल्या घोंगडीला नि शालीला भोकं पाडणारी. ती कातरलेल्या लोकरीवर जगते. तुमचा परजीवी जित्या कातडीवर आहे, त्यामुळे वाचक पहिल्याच पानावर भलतीकडे जाईल. शिवाय ज्यांची सगळीच जनावरं लोकरीची, ते लोक शब्दाला 'लोकर' कशाला जोडतील? आपले धनगर काही 'मेंढीगोचीड' म्हणत नाहीत.

'गोचीड'मधल्या गाईची मात्र काळजी नको. कुत्र्याच्या कानात असो, म्हशीच्या कासेला असो की मेंढीच्या शेपटाखाली, ती गोचीडच. शब्द जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तिचा दृष्टान्त येतो: पवित्र, गोड दूध कातडीच्या पदराआड असताना गोचीड ते सोडून 'अशुद्ध' सेवते. तिथे अशुद्ध म्हणजे रक्त. तिथे गाय आहे खरी, पण आज 'गोचिडासारखा चिकटलाय' म्हणताना गाय कुणाच्या मनात नसते.

प्रतिसाद
पशुवैद्यकाच्या बाजूने थोडं. शब्द निवडण्याआधी एक ठरवा: तुमचा परजीवी नुसत्या डोळ्यांना दिसतो का? आपल्या भाषेत सगळं त्यावर अवलंबून आहे. दिसणाऱ्या जिवाला नाव मिळालं: गोचीड, ऊ, लीख, पिसू. न दिसणाऱ्याला मिळालं नाही, तिथे नाव मिळालं ते आजाराला: खरूज, लूत. शेतीच्या लिखाणात अशा बारक्या अष्टपादांना 'कोळी' म्हणतात, पिकावरचा लाल कोळी तोच. पण मेंढपाळाच्या तोंडी मेंढीच्या अंगावरचा 'कोळी' मी कधी ऐकलेला नाही. तो म्हणतो, 'मेंढराला खरूज झाली.'

तुमच्या वर्णनाला सगळ्यात जवळचा खरा आजार म्हणजे मेंढ्यांमधला शीप स्कॅब. सोरोप्टिस ओव्हिस हा त्याचा कोळी एक मिलिमीटरहूनही लहान. माणसाच्या खरजेचा कोळी कातडीत बीळ करतो, हा करत नाही. वरच राहतो, कातडी चिडवतो आणि तिथे पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. मेंढी दगडाला, कुंपणाला अंग घासते, स्वतःच्याच कुशीचे चावे घेते, दातांत लोकरीचे पुंजके अडकतात. पाठीवर बोटांनी खाजवलं तर ती ओठ चाळवायला लागते. लोकर बाजूला करून पाहिलं तर पिवळट खपली दिसते. कोळी खपलीच्या मध्यावर फारसे नसतात, कडेच्या ओलसर भागात दाटलेले असतात, म्हणून तपासायला खरवड कडेचीच घेतात. अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचा फेरा सुमारे दोन आठवड्यांचा, आणि जनावराच्या अंगावरून पडलेला कोळीही साधारण तितकेच दिवस तग धरतो. त्यामुळे कळप पुढे गेला तरी त्याने अंग घासलेला खांब धोक्याचा राहतो. फिरत्या पशुपालकांच्या कथेला याहून चांगलं काय हवं! हिवाळ्यात, लोकर दाट असताना, हा आजार जोर धरतो.

ऑस्ट्रेलियाने 1896 मध्येच तो देशातून काढला. ब्रिटननेही 1952 मध्ये काढला होता. 1973 मध्ये तो परत आला आणि औषधी पाण्यात मेंढ्या बुडवण्याची सक्ती 1992 मध्ये उठल्यावर पुन्हा पसरला.

विचारणाऱ्याकडून
कथेत एक प्रसंग आहे, म्हातारी पशुपालक बोटांनी तो जीव उपटून काढते. म्हणजे तो दिसणारा हवा.

प्रतिसाद
मग दुसरा नमुना घ्या: मेलोफॅगस ओव्हिनस, इंग्रजीत केड. दिसायला गोचिडीसारखा, पण ती माशी आहे, पंख नसलेली. सहा पाय, चार ते सात मिलिमीटर, तपकिरी. रक्त पिते आणि सगळा जन्म मेंढीच्या लोकरीतच काढते. अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते आणि पूर्ण वाढली की तिला लोकरीला चिकटवून जन्म देते. ती तिथेच तपकिरी कोषात घट्ट होते. कातरणीत लोकरीबरोबर हे जीव आणि कोष बहुतेक निघून जातात.

बोटांनी उपटायचीच असेल तर तुमच्या म्हातारीने तिला सरळ 'गोचीड' म्हणावं, फार तर 'तांबडी गोचीड'. पाय मोजून नाव ठेवणं हे तिचं काम नाही.

पहिला प्रतिसाद देणाऱ्याकडून
नाव ठरलं तरी क्रियापद चुकवू नका, संवाद तिथेच खोटा वाटतो. गोचीड चिकटते किंवा लागते. उवा होतात. खरूज होते. लूत लागते आणि अंगभर झाली की 'भरते'. कसर लागते. अनुवादित गोष्टींत 'परजीवीने संक्रमित झालेले जनावर' असलं वाक्य वाचलं की मला ते पात्र कळपात उभं आहे असं वाटतच नाही. 'प्रादुर्भाव' कृषी खात्याच्या पत्रकात शोभतो, म्हातारीच्या तोंडी नाही.

लिंगाबद्दल: 'ती गोचीड' आणि 'तो गोचीड' दोन्ही ऐकू येतात, 'गोचिड्या' आणि 'गोचिडं' हे अनेकवचनही. एका टोळीला एक रूप द्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आणि 'लूत' वाया घालवू नका. आपण तो शब्द मुख्यतः कुत्र्यांसाठी वापरतो, त्यात किळस आहे. शेजारच्या टोळीने तुमच्या लोकांच्या कळपाकडे बघून 'लूतभरी जनावरं' म्हटलं की भांडणाला दुसरं कारण लागणार नाही.