सीपॅप सोसत नसेल तर तोंडात बसवायचे उपकरण घ्यावे का?

नाशिकची_लेक:
माझ्या वडिलांचे वय ५८ आहे. त्यांच्या स्लीप स्टडीत एएचआय २२ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी २२ वेळा त्यांचा श्वास अडतो किंवा उथळ होतो. सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन घशातली वाट उघडी ठेवणारे) घरी आणले. परंतु मास्क लावला की त्यांचा जीव घुसमटतो आणि मध्यरात्री कधीतरी ते तो काढून उशाशी ठेवून देतात. आता आमच्या दंतवैद्यांनी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण सुचवले आहे. वडिलांच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढा काढलेल्या आहेत. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचे उपकरण ऑनलाइन स्वस्तात मिळत असताना एवढा खर्च कशाला, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दंतवैद्य_सांगली:
झोपेत स्नायू सैल पडले की जिभेचे मूळ आणि मऊ टाळू मागे सरकून घशातली वाट अरुंद होते. खालचा जबडा पुढे धरला की त्याला जोडलेली जीभही पुढे येते आणि घशाच्या बाजूच्या भिंतीही ताणल्या जाऊन वाट रुंदावते. हा सगळा ताण रात्रभर दातांवर येत असल्यामुळे दात किती उरले आहेत यापेक्षाही ते किती घट्ट आहेत, हे मी आधी पाहतो. शेवटच्या दाढा नसल्या तरी पुढचे दात आणि उरलेल्या दाढा भक्कम असतील, तर बहुधा अडत नाही. मात्र हिरड्यांना सूज असेल किंवा कानापुढचा जबड्याचा सांधा दुखत असेल, तर आधी त्यावर उपचार करावा लागतो.

खर्चाविषयी सांगायचे तर, मापे घेऊन बनवलेल्या उपकरणात जबडा थोडा थोडा पुढे नेण्याची सोय असते. रुग्ण जबडा जास्तीत जास्त जितका पुढे काढू शकतो, त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करून पुढे काही आठवडे अंशाअंशाने वाढवत जातात. गरम पाण्यात मऊ करायच्या उपकरणांपैकी बहुतेकांत ही सोय नसते, पकडही सैल असते आणि रात्रीतून ते निसटते.

वामकुक्षी:
मी हे उपकरण वापरतो. सुरुवातीला लाळ फार येत असे आणि सकाळी मागच्या दाढा एकमेकींना टेकतच नसत, त्यामुळे न्याहारीची भाकरी पुढच्या दातांनीच कुरतडावी लागे. डॉक्टरांनी दिलेला छोटा ठोकळा सकाळी थोडा वेळ चावून धरला की जबडा जागेवर येतो. वर्षानुवर्षे वापरल्यास दातांची ठेवण किंचित बदलू शकते, हे मला आधीच सांगितले होते. धुताना गरम पाणी वापरू नये, आकार बिघडतो. वीज गेली तरी त्याचे काही बिघडत नाही, हा आमच्या गावात मोठाच फायदा!

श्वसनविकार_तज्ज्ञ:
वरील माहितीशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट निक्षून सांगतो. घोरणे थांबले म्हणजे श्वास अडणे थांबले, असे मुळीच नाही. मी असे रुग्ण पाहिले आहेत की घरचे लोक खूश असतात, पण ऑक्सिजन अजूनही खाली जात असतो. म्हणून जबडा पुरेसा पुढे नेऊन झाला की उपकरण तोंडात ठेवूनच स्लीप स्टडी पुन्हा करावी.

एएचआय कमी करण्यात सीपॅपच सरस आहे. परंतु जे यंत्र उशाशी पडून राहते त्याचा उपयोग शून्य, आणि उपकरण लोक रात्रीचे अधिक तास वापरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक बराच कमी होतो. अमेरिकेतील निद्रावैद्यक आणि दंत-निद्रावैद्यक संघटनांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही सीपॅप सोसत नसलेल्या किंवा दुसरा उपाय हवा असलेल्या प्रौढांसाठी हा पर्याय सुचवला आहे. १५ ते ३० हा एएचआय मध्यम प्रकारात मोडतो, त्यामुळे आपल्या वडिलांसाठी तो विचारात घेण्याजोगा आहे. एएचआय ३० च्या वर असता तर सीपॅपसाठी मी अधिक आग्रह धरला असता.

तत्पूर्वी मास्क बदलून पाहिला आहे का? नाकपुड्यांवर बसणारा लहान मास्क आणि हवा दमट करणारे उपकरण यांनी अनेकांची घुसमट कमी होते.

नाशिकची_लेक:
लहान मास्क कोणी सुचवलाच नव्हता. ऑनलाइनचे उपकरण तर नक्कीच रद्द. उपकरण बनवून घेतल्यास दुसरी स्लीप स्टडी साधारण कधी करावी?

दंतवैद्य_सांगली:
जबडा पुढे नेणे थांबवल्यावर आणि सकाळचे दुखणे ओसरल्यावर. त्याआधी केली तर ती पुन्हा करावी लागते.