एकच कॉम्प्युटर, तीन प्रोफाइल आणि भरकटलेल्या विंडो : तुमचे अनुभव सांगा

धागा काढायचं कारण, घरात कॉम्प्युटर एकच, मॉनिटर दोन, आणि माझं, नवऱ्याचं, मुलीचं अशी तीन अकाउंटं. मुलीचं काम झालं की मी स्विच यूजर करून आत जाते तर माझ्या सगळ्या विंडो एकाच मॉनिटरवर गठ्ठा होऊन पडलेल्या, एखादी तर अर्धी पडद्याबाहेर. ती म्हणते आई मी तुझ्या विंडोंना हातसुद्धा लावला नाही, आणि ते खरंच आहे. असं कुणाकुणाकडे होतं? एकाच अकाउंटात ब्राउजरची दोन-तीन प्रोफाइल चालवणाऱ्यांनीही लिहा.

~

मुलगी दुसरा मॉनिटर बंद करून बसते का? आमच्याकडे तेच निघालं. भाऊ विंडोज-पी दाबून एकच स्क्रीन ठेवायचा, आणि ती जोडणी अख्ख्या मशीनची असते, एकट्या यूजरची नाही. मॉनिटर गायब झाला की त्याच्यावरच्या विंडो उरलेल्यावर येऊन आदळणारच. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' अशी टिक आहे ती चालू करा. मात्र ही टिक ज्याच्या त्याच्या अकाउंटपुरतीच, म्हणजे तिघांनी आपापल्या लॉगिनमधून करायची.

~

बरोब्बर! अभ्यासाला एकच स्क्रीन बरी पडते म्हणे. टिक करून बघते.

~

माझी गंमत ब्राउजरची. ऑफिसचं प्रोफाइल डावीकडे, घरचं उजवीकडे असं मला हवं असतं. क्रोम प्रत्येक प्रोफाइलच्या फोल्डरमधे प्रेफरन्सेस नावाच्या फाइलीत विंडोची जागा लिहून ठेवतो, म्हणजे खरं तर दोन प्रोफाइलची भांडणं व्हायलाच नकोत. पण मी पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट टूलमधलं फॅन्सीझोन्स (पडद्याचे कप्पे, म्हणजे झोन, पाडणारं) लावलं, त्यात 'नवी विंडो शेवटच्या झोनमधे न्या' असा पर्याय आहे, तो चालू केला आणि दोन्ही प्रोफाइल एकाच झोनमधे एकमेकांच्या डोक्यावर. कारण त्याला प्रोफाइल कळतच नाही, दोन्हींची एक्सई म्हणजे प्रोग्रामची फाइल एकच, त्याच्या लेखी दोघंही क्रोम. शेवटी तो पर्याय बंद केला, आता झोन आखलेले आहेत तेवढे वापरतो आणि शिफ्ट दाबून हाताने ओढतो, सवय झाली.

~

+१, मॅकवर पण हेच. डॉकमधल्या आयकॉनवर राइट क्लिक करून ऑप्शन्समधे अॅप एका डेस्कटॉपला नेमून देता येतं, पण नेमणूक अॅपची, प्रोफाइलची नाही. मी कंटाळून ऑफिससाठी दुसराच ब्राउजर घेतला. सगळ्यात बिनडोक आणि सगळ्यात टिकलेला उपाय.

~

पडद्याबाहेर गेलेल्या विंडोबद्दल: मुख्य मॉनिटरच्या डावीकडे १९२० पिक्सेल रुंदीचा दुसरा असेल तर त्याच्यावरच्या जागेचे आडवे आकडे उणे १९२० पासून सुरू होतात. अॅपने ती उणे जागा लक्षात ठेवली आणि मॉनिटर काढला की विंडो चालू, टास्कबारवर दिसते, पण डोळ्यांना नाही. ऑल्ट-स्पेस, मग एम, मग कुठलाही बाण एकदा दाबा आणि माउस हलवा, विंडो माउसला चिकटून येते. मॅक्सिमाइज केलेली असेल तर मूव्ह चालत नाही, तेव्हा विंडोज-शिफ्ट आणि डावा-उजवा बाण.

~

लिनक्सवाले आहेत का कुणी? ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमधे मॉनिटरची मांडणी प्रत्येक यूजरच्या होममधल्या कॉन्फिग फोल्डरात मॉनिटर्स डॉट एक्सएमएल या फाइलीत असते, त्यामुळे लॉगिनचा पडदा भलत्याच मॉनिटरवर येतो, कारण तो आणखी वेगळाच यूजर आहे! आणि वेलंडवर (पडद्यावर विंडो दाखवायची नवी पद्धत, जुनी ती एक्स११) अॅपला स्वतःची जागा ठरवायची मुभाच नाही, ते काम कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या विंडो पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामचं, म्हणून विंडो हलवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टा तिथे निरुपयोगी. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमधे विंडो रूल्स आहेत, त्यात टायटलवरून नियम लावता येतो. अवांतर: एक्स११ वर दोन्ही प्रोफाइल वेगळ्या क्लासने (विंडोला चिकटवलेलं ओळखीचं नाव) सुरू केली की ती ओळखू येतात, पण ब्राउजरची डेटा डिरेक्टरीही वेगळी द्यावी लागते, नाहीतर आधीच चालू असलेला ब्राउजरच नवी विंडो उघडून देतो.

~

धागाकर्तीकडून अपडेट: माझ्या आणि मुलीच्या अकाउंटात टिक केली, विंडो जागेवर राहतायत. नवरा म्हणतो माझ्या विंडो मला सापडतात, तू माझ्या लॉगिनला हात लावू नकोस.