ब्रह्मदेशाचे सण: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीची. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा जवळच, म्हणून शाळेतल्या मुलांसाठी 'ब्रह्मदेशाचं वर्ष' असा भिंतीवरचा तक्ता करतेय आणि तारखांपाशी अडकलेय.

एप्रिलच्या मध्यातला थिंजान सोपा: पाण्याची धमाल, मग नवं वर्ष. १० जानेवारीला मितचीना शहरात काचिन लोकांचा मनाउ हा नाचाचा उत्सव, तोही ठरलेला. घोळ आहे पौर्णिमांचा. थडिंजू सणाचे दिवे बहुतेक वेळा आपल्या कोजागिरीला येतात आणि ताझाउंडाइंग त्रिपुरी पौर्णिमेला (तेव्हा ताउंजी शहरात आगीचे फुगे सोडतात). पण त्यांचा अधिक महिना नेहमी वासो या महिन्यालाच जोडतात, आपला कुठेही पडतो. २०२० मध्ये आपला अधिक अश्विन होता, तिथे सगळं महिनाभर आधी आलं! मुलांना हे कसं सांगू? दोन चाकं एकात एक फिरवणारा तक्ता कोणी केलाय का?

दुसरं, इनले सरोवरातल्या फाउंडॉऊ पॅगोडाच्या यात्रेत पाचपैकी चारच बुद्धमूर्ती पक्ष्याच्या आकाराच्या नावेतून गावोगाव नेतात, पायाने वल्हवणारे नावाडी पुढे. आपल्या पालखीसारखंच हे. याचं चांगलं छायाचित्र, वापरायला परवानगी असलेलं, कुठे मिळेल?

आणि थिंजानला तांदळाच्या पिठाच्या गोळीत गूळ भरून उकळत्या पाण्यात सोडतात, तरंगली की काढतात. एखादीत खोडी म्हणून मिरची! माझ्या गोळ्या दोनदा फुटल्या. मोदकाची उकड घेतली होती, तीच चूक का? चिकट तांदूळच हवा का? यांगोन-मंडालेला राहिलेलं कोणी असेल तर कृपया सांगा, पुढच्या सोमवारी तक्ता लावायचाय.