सल्ला हवा: उजवी कॉरोनरी धमनी (हृदयाला रक्त पुरवणारी) डावीकडून निघते, पुढे कोणाला दाखवावं?

धावपटूचीताई: धाकटा भाऊ 29 वर्षांचा, नियमित पळतो. चढावर छातीत आवळल्यासारखं व्हायचं म्हणून सीटी अँजिओ केली. ब्लॉकेज कुठेच नाही, पण रिपोर्टमध्ये लिहिलंय की उजवी धमनी डाव्या सायनसमधून (महाधमनीच्या मुळाशी असलेल्या डाव्या फुगवट्यातून) निघते, 'इंटरआर्टेरियल कोर्स'. एक डॉक्टर म्हणतात जन्मजात आहे, विसरून जा. दुसरे थेट ऑपरेशनवर आले. तिसरं मत कोणाचं घ्यावं? आणि विचारायचं काय?

सर्किटबोर्ड: माझीही एक धमनी, सर्कम्फ्लेक्स, उजवीकडून निघते. काही होत नाही हो, उगाच धास्ती घेऊ नका.

फिल्मवाचक: सर्किटबोर्ड, तुमची गोष्ट वेगळी. ती सर्कम्फ्लेक्स महाधमनीच्या मागून वळून जाते आणि सहसा त्रास देत नाही. ताईंच्या भावाची धमनी महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या मधून जाते. उगम कुठे यापेक्षा वाट कुठली, हा खरा प्रश्न.

ताई, उजवी डावीकडून निघणं हे डावी उजवीकडून निघण्यापेक्षा जास्त आढळतं आणि तुलनेने कमी धोक्याचं. डावी मुख्य धमनी अशी मधून जात असेल, तर तरुण खेळाडूंमधल्या अचानक मृत्यूंशी तिचा संबंध ठळक आहे. पण भावाला श्रमाने त्रास होतोय, म्हणून 'विसरून जा' मला पटत नाही.

रिपोर्टमध्ये या गोष्टी शोधा: धमनीचं तोंड गोल आहे की फटीसारखं चपटं? ती किती तिरक्या कोनात निघते? आणि महाधमनीच्या भिंतीच्या आतून काही अंतर जाते का (इंट्राम्युरल), जात असेल तर किती मिलिमीटर? दोन धमन्यांमध्ये ती चिरडते असं सरसकट सांगतात, पण खरी अडचण बहुतेक वेळा या भिंतीतल्या तुकड्यातच असते. श्रमात महाधमनी ताणली की तो आणखी दबतो.

दाखवायचं तर जन्मजात हृदयदोष बघणाऱ्या तज्ज्ञांना. ते मोठ्यांचेही रुग्ण बघतात. रोज स्टेंट घालणारे डॉक्टर कितीही निष्णात असले, तरी हे त्यांच्या रोजच्या कामातलं नाही.

धावपटूचीताई: स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आलीये. मग पळू द्यावं का?

फिल्मवाचक: नॉर्मल स्ट्रेस टेस्टने या दोषात पूर्ण निश्चिंती मिळत नाही. तज्ज्ञांचं मत येईपर्यंत जोराचं पळणं आणि स्पर्धा बंद. चालायचं किती, तेही त्यांनाच विचारा. पळताना कधी भोवळ आली किंवा शुद्ध हरपली होती का, ते त्याला स्पष्ट विचारा, मुलं लपवतात. पुन्हा तसं झालं किंवा बसल्या जागी छातीत दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीने दवाखाना.

टाके_पडलेला: माझं 'अनरूफिंग' झालंय, म्हणजे भिंतीतून जाणारा भाग आतून उघडून तोंड रुंद केलं. सर्जनला एवढं नक्की विचारा: बायपास सुचवत असाल तर का? मूळ धमनीतून रक्त नीट वाहत असलं की जोडलेली नळी कालांतराने बंद पडू शकते, असं मला समजावलं होतं.

धावपटूचीताई: रिपोर्टमध्ये इंट्राम्युरलचा उल्लेखच नाही. परत सीटी करावी लागणार?

फिल्मवाचक: बहुधा नाही. नुसता कागद नेऊ नका, सगळ्या चित्रांची सीडी मागून घ्या. स्कॅन ईसीजीच्या तालावर घेतलेला आणि स्पष्ट असेल, तर त्याच चित्रांवरून धमनीचं तोंड आणि भिंतीतला भाग पुन्हा मोजता येतो.