दंडारीच्या पथकाला युरोपातील महोत्सवाचे निमंत्रण: वादकांना वगळून जावे काय?

केळापूरचा शिक्षक

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या गावच्या गोंड तरुणांचे दंडारीचे पथक दिवाळीच्या दिवसांत आसपासच्या गावी नाचायला जाते. त्यांचा ढेमसा हा समूहनाच एका कार्यक्रमात पाहिलेल्या मध्यस्थाने आता आम्हाला पुढच्या उन्हाळ्यातील युरोपच्या एका लोककला महोत्सवाचे निमंत्रणपत्र आणून दिले आहे. पथकात सोळा नर्तक आणि सहा वादक आहेत. मध्यस्थाचे म्हणणे असे, की ढोल आणि पेपरे (सनईसारखे फुंकवाद्य) यांचे ध्वनिमुद्रण नेल्यास सहा जणांचा विमानखर्च वाचेल, प्रत्येकाने नोंदणी शुल्क मात्र आताच भरावे, आणि छायाचित्रांत उठून दिसतात म्हणून घुसाडीचे (दंडारीत व्रत धरून खास वेशात नाचणाऱ्याचे) मोरपिसांचे टोप आवर्जून न्यावेत. आमचे पेपरे वाजवणारे आजोबा साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांच्याकडे पासपोर्टही नाही, त्यामुळे गावातील काही जणांना हा सल्ला पटू लागला आहे. मला तो पटत नाही, पण अनुभव नसल्याने ठामपणे बोलता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अमरावतीचा मल्लखांबपटू

गुरुजी, वादकांना वगळू नका. लोककला महोत्सवांच्या संघटनांची जी आंतरराष्ट्रीय परिषद आहे (सीआयओएफएफ, स्थापना १९७०, फ्रान्समधील कॉन्फोलां येथे), तिच्याशी जोडलेल्या महोत्सवांत जिवंत वाद्यसंगीताचा आग्रह असतो. ध्वनिमुद्रणावर नाचणारे पथक तेथे दुय्यम ठरते. अशा महोत्सवांत सर्वसाधारणपणे विमानाचा खर्च पथकाचा आणि निवास, जेवण व स्थानिक प्रवास यजमानांचा, अशी विभागणी असते. म्हणून शुल्काचा एक रुपयाही देण्यापूर्वी निमंत्रणपत्रावरील महोत्सवाचा पत्ता स्वतः शोधून काढा, आयोजकांना थेट ई-मेल करा आणि निवास व जेवण कोण देणार हे लेखी मागवा. आमच्या पथकाने हे केले नव्हते. आम्ही मध्यस्थाकडे भरलेले पैसे आयोजकांपर्यंत पोहोचलेच नव्हते, हे तेथे उतरल्यावर कळले.

आमच्या शहराला हा मार्ग जुना आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आम्ही गेलो तेव्हा खांब विमानात नेणे शक्य नव्हते, म्हणून मापे आधी पाठवली आणि यजमानांनी तेथील सुताराकडून खांब करून घेतला. तो उंचीला बरोबर होता, पण मानेपाशी इतका जाड होता की पकड बसेना. आम्ही दिवसभर तो पॉलिश पेपरने घासला, एरंडेल तेल चोळले आणि संध्याकाळी त्यावर चढलो. दोरीचा मल्लखांब बरोबर होता म्हणून निभावले. सांगायचे एवढेच, की जे तेथे मिळणार नाही ते आधी ओळखा. खांब तेथे करून मिळतो, पेपऱ्यात फुंकणारा माणूस मिळत नाही.

नागपूरहून, प्रवासाची कागदपत्रे पाहणारी

मी कागदांपुरतेच लिहिते. शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर जाता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) अल्पकालीन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे, म्हणजे बावीस जणांचे १,९८० युरो होतात. तथापि ना-नफा संस्थेने भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जाणाऱ्या ना-नफा संस्थांच्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या प्रतिनिधींना शुल्कमाफीची तरतूद आहे. तुमचे मंडळ नोंदणीकृत असेल आणि बहुतेक नर्तक तरुण असतील, तर हे आवर्जून विचारा. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास वैद्यकीय विमा प्रत्येकाला लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी सर्वांना स्वतः केंद्रावर जावे लागते, त्या प्रवासाचा खर्चही हिशेबात धरा.

खरी अडचण पासपोर्टची येईल. आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आणि आडनाव एकीकडे मराठी वळणाचे तर दुसरीकडे वेगळेच, असे आपल्याकडे घरोघरी असते. हे दुरुस्त करायला जितका वेळ लागतो तितका व्हिसालाही लागत नाही.

आता टोपांविषयी. मोराची पिसे आणि त्यांच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास निर्यात धोरणानुसार मनाई आहे. टोपाला हरणाची शिंगे असतील तर वन्यजीव कायद्याचा प्रश्न आणखी गंभीर होतो. ते टोप विमानतळावरच अडतील. ढोल कच्च्या कातड्याचा असेल तर यजमान देशाचे नियम आधी विचारून घ्या आणि वाद्यांची यादी निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवून नोंदवा.

राजुऱ्याची वाचक

टोपाविषयी मलाही लिहायचे आहे, कारण माझे आजोबा घुसाडी होत असत. त्या दिवसांत ते अंगाला राख लावत, आंघोळ करत नसत आणि टोप कधी जमिनीवर टेकवत नसत; घरात तो ठेवायची जागाही वेगळी होती. घुसाडी होणे हे व्रत आहे. घुसाडी मंचावर मुळीच नेऊ नये असे मी म्हणणार नाही. आदिलाबादकडील मारलवाईचे कनक राजू यांनी हेच नृत्य दिल्लीपर्यंत नेले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण छायाचित्रासाठी न्या, हे कारण पुरेसे नाही, आणि याचा निर्णय मध्यस्थाने नव्हे, गावच्या वडीलधाऱ्यांनी करायचा आहे. कायद्याने टोप घरीच राहणार असतील तर मला त्याचे वाईट वाटत नाही. ढेमसा आणि वाद्ये न्या. तीन तासांचे पंधरा मिनिटांत बसवावे लागेल, तेव्हा कोणती चाल ठेवायची हे पेपरेवाल्या आजोबांनाच ठरवू द्या, कारण नाचणाऱ्यांची पावले त्यांच्या इशाऱ्यावर बदलतात. ध्वनिमुद्रण पावलांकडे पाहत नाही.

आणखी एक. दंडार दुसऱ्या गावी जाते तेव्हा ते गाव पथकाला उतरवून घेते, जेवू घालते, आणि पुढे आपणही त्यांना बोलावतो. मल्लखांबपटू दादांनी सांगितलेली विभागणी आपल्या लोकांना परकी वाटणार नाही. गावच्या बैठकीत ती याच शब्दांत मांडा.

केळापूरचा शिक्षक

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभार. आयोजकांना थेट पत्र पाठवले असून शुल्क थांबवले आहे. बैठकीत टोप न नेण्याचे ठरले. वडीलधाऱ्यांनी कायद्याचे कारण ऐकण्यापूर्वीच तसे सांगितले. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे आणि भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या कलाकार पॅनेलसाठीही अर्ज करणार आहोत. आजोबांच्या आधार कार्डावर केवळ जन्मवर्ष आहे आणि शाळेचा दाखला नाही, म्हणून उद्या त्यांना घेऊन तहसील कार्यालयात जात आहे. ते पेपरे बरोबर घेऊ का, असे विचारत होते.