रत्नागिरीत पहिली जागा भाड्याने द्यायला घ्यायचीय, शहरात फ्लॅट की समुद्रालगत प्लॉट?

देवरुखची_लेक
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत नोकरी करते, माहेर देवरुख. १२ लाख साठलेत, एफडीत आहेत, आता वाटतंय एखादी जागा घेऊन भाड्याने द्यावी म्हणजे दर महिन्याला काहीतरी येत राहील. समोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे शहरात वन बीएचके, ३० लाख सांगतायत, २० चं लोन काढावं लागेल. दुसरा गणपतीपुळ्याच्या पुढे अगदी समुद्राजवळ ५ गुंठे, एजंट म्हणतो खोल्या बांधा आणि पर्यटकांना द्या, टोकन आजच द्या नाहीतर मुंबईची पार्टी उचलेल. आमच्या घरात असा व्यवहार कुणी केलेला नाही, म्हणून इथे विचारतेय.

चिपळूणकर_काका
ताई, आधी आकडे मांडा. २० लाखाचं लोन, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता साधारण १७,३५० येतो. त्या फ्लॅटला भाडं समजा ८,००० मिळालं तर दर महिन्याला ९ हजारांच्या वर तुमच्या पगारातून जाणार, वर मेंटेनन्स, घरपट्टी, आणि वर्षात एखादा महिना जागा रिकामी राहतेच. ८,००० गुणिले १२ म्हणजे ९६,०००, ३० लाखावर ३.२ टक्के, तेही खर्च वजा न करता. एफडी यापेक्षा जास्त देते. म्हणजे फक्त भाड्यासाठी घेणार असाल तर परवडत नाही, पुढे स्वतः राहायचं असेल किंवा १५-२० वर्षं विकायचंच नसेल तर घ्या. आणि १० लाख डाउन पेमेंट, शिवाय स्टँप ड्युटी-रजिस्ट्रेशन धरलंत की १२ लाख जवळपास संपले, हातात काहीच उरत नाही. तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, ती सोडू नका.

मी असतो तर नवीन बिल्डिंगमागे न लागता कमी किमतीचा रीसेल बघितला असता, भोगवटा दाखला (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) असलेला, जिथे बदलीवर आलेले बँकवाले, नर्सेस, मिरजोळे एमआयडीसीतले लोक, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली मुलं बारा महिने जागा शोधत असतात अशा भागात. आणि बघायला जुलैत जा, खरंच सांगतो, मार्चमध्ये सगळे फ्लॅट चांगलेच दिसतात. भिंतीला ओल, गच्चीवर पत्र्याची शेड आहे की नाही, खाऱ्या हवेने गॅलरीचं ग्रील किती गंजलंय, हे सगळं पावसात कळतं. आमच्याकडे चिपळुणात २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेतले तळमजले बुडाले, त्यानंतर इथे जागा घेताना लोक पहिला प्रश्न पूररेषेचा विचारतात, तुम्हीही विचारा.

तारकर्लीकार
ताई, टोकन देव नकात! पाच गुंठे शेतजमीन असेल तर पहिला प्रश्न, तुमच्या नावावर सातबारा आहे का, कारण शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी) एवढ्या छोट्या तुकड्याचं खरेदीखत नोंदवतील का हे आधी दुय्यम निबंधकांकडे जाऊन विचारा, एजंटला नको. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नीट वाचा, कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव असेल तर तिथेच थांबा. आपल्याकडे जमीन बहुतेक सामाईक असते, एक भाऊ गावात आणि बाकीचे चुलते, आत्या, बहिणी मुंबईला, त्या सगळ्यांच्या सह्या लागतात, एक जरी राहिली तरी पुढे कोर्ट. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा (घरपट्टीच्या नोंदीचा) म्हणजे मालकी नव्हे, एजंट तोच पुढे करतात.

शिवाय समुद्राजवळ म्हणजे सीआरझेड आलं, किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्राचे नियम. गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ते ५० मीटर केलंय पण त्या जिल्ह्याचा नवीन किनारा आराखडा मंजूर असेल तरच. ‘सी टच’ म्हणून विकतात त्यातल्या किती जागांवर एक खोली तरी बांधता येईल हे नकाशावर बघा मग कळेल.

आणि होमस्टे म्हणजे भाडं नव्हे हो, तो धंदा आहे. आम्ही घरचे सगळे राबतो, चादरी, पाणी, मासळी, जेवण, रात्री बाराला फोन. गर्दी दिवाळी, नाताळ, मे महिना एवढीच. जून ते ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद की आमच्या खोल्याही शांत. रत्नागिरीत नोकरी करून हे लांबून होणार नाही, ठेवलेल्या माणसावर सगळं सोपवलं तर काय येतं काय जातं कळत नाही.

देवरुखची_लेक
बापरे, बरं झालं विचारलं, टोकन देत नाही. मग रीसेल फ्लॅटच बघते. त्यात भाडेकरूशी करार कसा करायचा? ओळखीचे म्हणतात नोटरी केली तरी पुरते.

कुवारबाव_भाडेवाला
नोटरीवर अजिबात थांबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीचा भाड्याचा करार) लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरतात. रजिस्टर असेल तर मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं. खर्चही किरकोळ, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के स्टँप. ८,००० भाडं, ११ महिने, २५ हजार डिपॉझिट असेल तर सव्वादोनशेच्या आसपास, अधिक रजिस्ट्रेशन फी. ऑनलाइन होतं, आधार लागतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती त्याच आठवड्यात देऊन टाका.

टॅक्समध्ये भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, लोनचं व्याजही. पण नवीन टॅक्स रेजिममध्ये घराचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर) पगारातून वजा होत नाही, तेवढं सीएला विचारा.

आणि भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, जास्त मागितला तर १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय दाखवा.