पार्ट्स जोडून गिटार, पण नेक बसेना

म्हापसा: स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक गिटारची बॉडी एकीकडून, मेपल नेक दुसरीकडून मागवला, आता नेक पॉकेटात, म्हणजे बॉडीतल्या खाचेत, केसभर अडकतोय, लाकूड घासू का? ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाकतोय, पॉट (व्हॉल्यूम-टोनचे नॉब फिरतात ते) कुठले घेऊ?

फोंडा: थांब रे, लाकूड नको घासू! पॉकेटाच्या कडेला साचलेला पेंट बघ, बहुतेक तोच आड येतो, पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढ. हंबकरला 500के (किलोओहम) पॉट घे, 250केने आवाज दबतो.

मडगाव: स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मोजलीस ना? 25.5 इंच म्हणजे नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते बारावा फ्रेट 324 मिमी, तिथून सॅडल (ब्रिजवर तार टेकते ती जागा) तेवढंच किंवा किंचित लांब हवं, नाहीतर वरचे सूर जुळणारच नाहीत. आणि पावसात गिटारच्या केसमध्ये सिलिका जेल ठेव, जुलैत माझा नेक वाकलेला, ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) पाव आटा फिरवला तेव्हा तारा खाली आल्या.

म्हापसा: पेंटच होता! बसला एकदम घट्ट, देव बरें करूं.